ऐक्य झाले, पण भेद मिटवून नव्हे

नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथीड्रलवरून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना तेथे घडलेल्या एका ऐतिहासिक घटनेची कल्पना नसेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी त्या आवारात सहा ख्रिस्ती पंथांनी आपले वेगळे अस्तित्व विसर्जित करून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन केले. १९२९ साली लखनौत सुरू झालेली बोलणी एकेचाळीस वर्षांनी फळास आली. या सहांत उत्तर भारतातील बाप्टिस्ट मंडळ्या होत्या, ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे.

बाप्टिस्टांचा जन्मच मुळी वेगळेपणाच्या आग्रहातून झाला. १६०९ साली ॲमस्टरडॅमला आश्रयास गेलेल्या मूठभर इंग्रजांनी असे ठरविले की, बाप्तिस्मा जाणत्या माणसाने स्वतःच्या श्रद्धेने घ्यावा. तान्ह्या मुलाला तो देऊ नये. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असावी, हेही त्यांचे तत्त्व. याच परंपरेतला विल्यम कॅरी १७९३ साली बंगालमध्ये आला. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने सेरामपूरहून १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश प्रसिद्ध केला. तेव्हा या पंथाशी आपला संबंध अगदीच परका नाही.

अशा लोकांनी बिशपांची सत्ता मानणाऱ्या आणि तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्या अँग्लिकनांशी एका मंडळीत नांदावे कसे? उत्तर सोपे, पण धाडसाचे होते. नव्या मंडळीने दोन्ही रीती मान्य केल्या. बाप्टिस्टांनी बिशप स्वीकारले. इतरांनी प्रौढांच्या बाप्तिस्म्याला बरोबरीचे स्थान दिले. कोणाच्याही विवेकावर बहुमताचा वरवंटा फिरविला गेला नाही.

ही तत्त्वशून्य तडजोड होय, असा आक्षेप घेतला जातो. ईशान्य भारतातील आणि तेलुगू बाप्टिस्ट या ऐक्याबाहेरच राहिले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट तर १९७० साली ऐन वेळी मागे फिरले. त्यांची भीती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. सामील झालेल्या ब्रदरन पंथाच्या गुजरातेतील मिळकतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि केवळ ठरावाने विश्वस्त संस्थेचे विलीनीकरण होत नाही, असा निर्णय २०१३ साली लागला. श्रद्धेचा प्रश्न सुटला, मालमत्तेचा चिघळला!

तथापि यावरून ऐक्यच चुकले, असे ठरत नाही. चुकते ती घाई. शिक्षकांच्या संघटना असोत वा कर्मचाऱ्यांचे संघ, एकीकरणाचे ठराव आपल्याकडे टाळ्यांच्या गजरात संमत होतात आणि वर्षभरात फुटीच्या सभा भरतात. असहमतांना घटनेतच जागा द्यावी आणि हिशेब आधी चोख करावेत, एवढा धडा सदरच्या त्या आवारातून घेता आला तरी पुष्कळ झाले.