आवर्तसारणी नावाचा एक रिपोर्ट

मंडळी, आज जरा रसायनशास्त्र. घाबरू नका, व्हॅलन्सी विचारणार नाही :)

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट फार लवकर शिकतो. डेटा वेगळा आणि स्क्रीनवर दिसणारा रिपोर्ट वेगळा. एकाच डेटाबेसमधून अकाउंट्सवाल्यांना एक रिपोर्ट जातो, सेल्सवाल्यांना दुसरा, आणि दोन्ही खरे असतात. आवर्तसारणीच्या बाबतीत मात्र आपण रिपोर्टलाच डेटा समजून बसलोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

डेटा काय आहे? 118 मूलद्रव्यं, अणुक्रमांकाने एका रांगेत उभी. आणि या रांगेत गुणधर्म ठरावीक टप्प्यांनी पुन्हा पुन्हा येतात. लिथियम (3), सोडियम (11), पोटॅशियम (19) तिघेही पाण्याशी भांडणारे. बस्स, निसर्गाने एवढंच दिलंय. चौकोन आणि अठरा उभे गण आपण आखलेत.

घरातलं कालनिर्णय बघा. त्यात वार डावीकडे वरून खाली आणि तारखा उभ्या उतरतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वार वरती आडवे. महिना तोच! आणि आठवडा संपला की पुढची तारीख दोन्हीकडे उडी मारून दुसऱ्या टोकाला जाते. शनिवार-रविवारच्या मध्ये दरी वगैरे नसते, रकाना संपतो इतकंच. तसंच निऑन (10) आणि सोडियम (11) रांगेत सख्खे शेजारी, पण तक्त्यात पार दोन काठांना.

गंमत म्हणजे ही अडचण मेंडेलीव्हच्या 1869 च्या तक्त्याआधीच सुटली होती. 1862 मध्ये द शांकूर्त्वा या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने मूलद्रव्यं एका नळकांड्यावर स्क्रूच्या आट्यांसारखी गुंडाळली. सारख्या स्वभावाची एकाखाली एक आली. पण निबंध छापताना नेमकी आकृतीच गाळली गेली. मग कोणाला काय कळणार, कप्पाळ?

नंतरही लोक थांबले नाहीत. 1920 च्या दशकाच्या अखेरीस शार्ल जानेने पायऱ्यांचा तक्ता केला. त्याच्या ओळी 2, 2, 8, 8, 18, 18, 32, 32 अशा जोडीने येतात, आणि हेलियम निऑनच्या वर नाही तर बेरिलियमच्या वर बसतो. इलेक्ट्रॉन मोजले तर ते बरोबर, स्वभाव बघितला तर चूक. 1964 मध्ये थिओडोर बेन्फीने हायड्रोजन मध्यभागी ठेवून गोगलगायीसारखी सर्पिल सारणी काढली. तिच्यात रांग कुठेच तुटत नाही.

आता नेहमीच्या तक्त्याखालच्या त्या दोन सुट्या ओळी आठवा. त्या जागच्या जागी बसवल्या तर तक्ता 18 ऐवजी 32 रकाने रुंद होतो आणि पानावर मावत नाही. कारण एवढंच. पण तारापूरच्या अणुभट्टीतलं युरेनियम आणि तुमच्या इअरफोनच्या चुंबकातलं निओडिमियम दोघेही तिथेच, तळटीप असल्यासारखे. मुलांना वाटतं ही काहीतरी फुटकळ मंडळी असणार. कागदाची रुंदी डोक्यात ज्ञान म्हणून बसते, ती अशी.

चौकोनी तक्ता टाकाऊ आहे असं मी म्हणत नाहीये. रिकाम्या घरांवरून मेंडेलीव्हने जी भाकितं केली त्यातूनच गॅलियम (1875), स्कँडियम (1879) आणि जर्मेनियम (1886) सापडल्यावर ओळखू आले. त्यांना त्याने दिलेल्या तात्पुरत्या नावांत तर आपलं संस्कृत 'एक' होतं. शोधायला-वाचायलाही तो सोपा आहेच. पण एकच रिपोर्ट दाखवला की तो पाठ होतो, समजत नाही.

2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून आवर्ती वर्गीकरणाचं प्रकरण काढलं. अकरावीत ते आहे, पण कॉमर्सला गेलेल्याला ते कधीच भेटणार नाही. ओझं कमी करायचं तर पाठांतर कमी करा ना! पहिल्या वीस मूलद्रव्यांची कागदी पट्टी द्या आणि पोरांना ती पेन्सिलीभोवती, डब्याभोवती, हवी तशी गुंडाळू द्या. लिथियमखाली सोडियम आणायला पट्टी किती जाड डब्यावर गुंडाळायची, हे ज्याला स्वतःला सापडलं त्याला 'आवर्त' म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

असो. घरात शाळकरी पोर असेल तर या रविवारी करून बघा. खर्च शून्य.