फ्रीज बदलण्यापूर्वी

युरोप-अमेरिकेत सुट्टीत आपले घरच बरोबर घेऊन हिंडणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. व्हॅनच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या या मोटारघरात झोपायची जागा, ओटा, शेगडी, मोरी, फ्रीज असे सारे काही पक्के बसवलेले असते. फ्रीज तर कपाटाच्या चौकटीत स्क्रूंनी जखडलेला असतो. तो बिघडला की बरेच मालक कारागिराची वाट न पाहता स्वतःच पेचकस हातात घेतात आणि जुना काढून नवा बसवतात. हे बरोबर की चूक? माझ्या मते बरोबर. मात्र एका अटीवर. स्क्रू कोठे आहेत हे शोधण्याआधी, आत काय चालते हे त्यांना ठाऊक हवे.

कारण मोटारघरातील फ्रीज बहुधा आपल्या घरातल्यासारखा नसतो. घरच्या फ्रीजमध्ये विजेवर चालणारा काँप्रेसर असतो. मोटारघरात अनेक वर्षे बसवला जाणारा फ्रीज उष्णतेवर चालतो. गार करण्यासाठी खाली चक्क ज्योत पेटवायची! स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही युक्ती काढली. (हो, विद्यार्थ्यांनी.) पुढे आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनाही या विषयाने भुरळ घातली. फिरते भाग नसलेल्या त्यांच्या फ्रीजला १९३० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले.

प्लाटेन-मुंटर्स यंत्रात बंद पोलादी नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन असतात. खाली उष्णता दिली की पाण्यात विरघळलेला अमोनिया वायुरूपाने सुटतो. भाताच्या पातेल्यातले बुडबुडे पाणी वर ढकलतात, तसे हे बुडबुडे द्रवाला वर चढवतात. वेगळा पंप लागत नाही. अमोनिया वर जातो, मागच्या पंख्यांच्या नळीत थंड होऊन द्रव बनतो आणि ओघळत फ्रीजच्या आतल्या नळीत येतो. तेथे हायड्रोजन असतो. एकूण दाब सगळीकडे जवळजवळ सारखाच, पण हायड्रोजनमुळे अमोनियाच्या वाट्याचा दाब कमी होतो. म्हणून अमोनिया भराभर वायुरूप होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता फ्रीजमधील दुधातून आणि भाजीतून ओढून घेतो. शेवटी तो पुन्हा पाण्यात विरघळतो. सारे काही गुरुत्वाच्या आणि घनतेच्या जोरावर, आवाजाशिवाय.

आता निदानाकडे वळू. द्रव उतारावरून वाहायचा असेल तर फ्रीज सरळ उभा हवा. गाडी तिरक्या जागी उभी राहिली तर अभिसरण बिघडते आणि फ्रीज गार होत नाही. तो 'बिघडला' म्हणून बदलणाऱ्याने आधी जमिनीवर पाणसळ ठेवून पाहिली का? ज्योतीच्या नळीतली काजळी झाडली का? भिंतीतल्या हवेच्या जाळ्या मोकळ्या आहेत का? हे तपासायला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा कोणी तपासत नाही! मात्र अमोनियाचा झणझणीत वास आला किंवा मागे पिवळी भुकटी दिसली तर संशयाला जागा नाही. नळी फुटली आहे. ती भुकटी म्हणजे पोलाद गंजू नये म्हणून घातलेला सोडियम क्रोमेट. तो विषारी आहे. तिला हात लावू नये आणि ती बंद नळी घरी कापायची नाही, झाळायची नाही.

दुसरी मर्यादा गॅसची. मोटारघरात बहुधा प्रोपेन असतो. त्याचा रेणुभार ४४, हवेचा सरासरी सुमारे २९. म्हणून गळलेला गॅस जमिनीवर साचतो आणि त्यासाठी तळाला भोके ठेवलेली असतात. नवा फ्रीज बसवताना कोणी 'गार वारा येतो' म्हणून ती बुजवली, तर त्या घरात झोपणाऱ्या मुलांचे काय? तसेच फ्रीजची मागची बाजू आणि राहण्याची जागा यांमधली फट नीट बंद हवी. नाहीतर ज्योतीचा कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो. फ्रीज ओढून काढणे, चौकट मापणे, तारा जोडणे ही कामे खुशाल स्वतः करावीत. गॅसची जोडणी शिकलेल्या माणसाकडून करून घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

हल्ली पुष्कळजण जुन्याच्या जागी १२ व्होल्टचा काँप्रेसर फ्रीज बसवतात. तो लवकर गार होतो, गाडी थोडी तिरकी असली तरी चालतो. पण हिशेब करा. तो चालू असताना ४ अँपिअर घेतो आणि निम्मा वेळ चालतो असे धरू. म्हणजे सरासरी २ अँपिअर. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्मीच वापरायची, तर एक दिवस निघेल. रोज गाडी चालवणाऱ्याला ठीक. रानात आठवडाभर मुक्काम करणाऱ्याला सौरपट्ट लागणार, नाहीतर जुना गॅसचाच बरा. शेजाऱ्याने बदलला म्हणून आपण बदलणे मला पटत नाही.

शिक्षकांनी वर्गात हे उदाहरण जरूर घालावे. गॅसच्या फ्रीजमध्ये गाडी चालताना वापरायची १२ व्होल्टची तापक तार असते. ती १८० वॅटची धरा; प्रवाह १५ अँपिअर, रोध ०.८ ओहम. बॅटरीपासून फ्रीज ५ मीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची तार. तिचा छेद १.५ चौरस मिलिमीटर असेल तर तारेचाच रोध सुमारे ०.११५ ओहम होतो. मग प्रवाह १३.१ अँपिअर उरतो आणि तापक तारेला १३७ वॅट मिळतात. जवळजवळ एक चतुर्थांश उष्णता गेली, आणि मालक म्हणतो फ्रीज खराब! आता छेद ४ चौरस मिलिमीटर घेऊन तुम्ही करून पाहा. उत्तर १६२ वॅटच्या आसपास यायला हवे.