संपलेली मूर्ती आणि बाजारातील नक्कल : प्रश्न खरेदीदाराच्या विवेकाचा

कोलकाता : मर्यादित संख्येत काढलेली एखादी संग्राह्य मूर्ती बाजारात येते, अल्पावधीतच तिच्या सर्व प्रती विकल्या जातात आणि निर्माता ती पुन्हा काढणार नसल्याचे जाहीर करतो. त्यानंतर पुनर्विक्रीच्या बाजारात तिची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट होते. नेमक्या याच वेळी तिची हुबेहूब दिसणारी नक्कल अल्प किमतीत उपलब्ध होते. चित्रपटांतील आणि चित्रकथांतील पात्रांच्या रेझिनच्या मूर्ती जमविणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. ‘निर्माता ती मूर्ती आता विकतच नाही, मग नक्कल घेतल्याने नुकसान कोणाचे?’ असा युक्तिवाद त्यांच्याकडून केला जातो.

वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. मात्र मूर्तिकला, चित्रकला आणि हस्तकला यांची दीर्घ परंपरा असलेल्या कोलकाता शहराने हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत अनुभवला आहे. त्या अनुभवाकडे पाहिले, तर या युक्तिवादातील उणीव स्पष्ट होते.

सॉल्ट लेकमधील वाद

ऑक्टोबर २००७ मध्ये सॉल्ट लेकमधील एफडी ब्लॉकच्या दुर्गापूजा मंडळाने हॅरी पॉटरच्या कथेतील हॉगवर्ट्स शाळेच्या किल्ल्यासारखा मंडप उभारला. त्यात कथेतील पात्रांच्या मूर्तीही होत्या. लेखिका जे. के. रोलिंग यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल झाला आणि २० लाख रुपयांची भरपाई मागण्यात आली. न्यायालयाने मात्र उत्सव थांबविण्यास नकार दिला.

अनेक बंगाली नागरिकांना या दाव्याचेच आश्चर्य वाटले. मंडप काही दिवसांचा होता, तो पाहण्यासाठी पैसे मोजावे लागत नव्हते आणि हा किल्ला मूळचा कोणाचा, याविषयी कोणाचीही दिशाभूल होत नव्हती. कायद्याच्या दृष्टीने परवानगीचा प्रश्न उरतोच. तरीही लोकांच्या मनात अनुकरण आणि फसवणूक यांत जो फरक असतो, तो या प्रकरणात ठळकपणे दिसून आला.

साचा हा गुन्हा नव्हे

उत्तर कोलकात्यातील कुमारटुली ही मूर्तिकारांची वसाहत. तेथे देवीचे मुखवटे साच्यातून काढण्याची पद्धत जुनी आहे. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मुखांपैकी एकाला ‘खरे’ आणि दुसऱ्याला ‘खोटे’ कोणी म्हणत नाही, कारण त्यांपैकी एकही आपण एकमेव असल्याचा दावा करीत नाही. शिवाय विजयादशमीनंतर मूर्तीचे विसर्जन होते. तिच्या दुर्मीळतेवर पुढे कोणाचा व्यापार चालत नाही.

याउलट स्थिती डोकरा पद्धतीच्या धातुमूर्तींची आहे. मेणाच्या तारांनी घडविलेल्या आकृतीवर मातीचा थर देतात, उष्णतेने मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. मूर्ती बाहेर काढताना मातीचा साचा फोडावाच लागतो. त्यामुळे कोणत्याही दोन मूर्ती तंतोतंत सारख्या होत नाहीत. कोलकात्यात जन्मलेल्या शिल्पकार मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) यांनी ही पद्धत बस्तरच्या कारागिरांकडून शिकून घेतली आणि आपल्या कांस्यशिल्पांना वेगळे रूप दिले. येथे दुर्मीळता ही विक्रीची युक्ती नसते. ती कामाच्या पद्धतीतूनच येते.

या दोन टोकांच्या मध्ये ‘मर्यादित आवृत्ती’ची मूर्ती येते. तिचा साचा अनेक प्रती देऊ शकतो, पण निर्माता आपण होऊन मर्यादा घालून घेतो. कांस्यशिल्पांच्या बाबतीत फ्रान्समध्ये अस्सल मानल्या जाणाऱ्या प्रतींची मर्यादा १२ आहे. त्यांपैकी ८ क्रमांकित आणि ४ कलावंताच्या असतात. ही मर्यादा म्हणजे आधीच्या ग्राहकाला दिलेला शब्द होय.

‘संपली’ म्हणजे हक्क संपला असे नाही

नक्कल करणारा बहुधा अस्सल मूर्तीवरूनच साचा उतरवितो. अशा साच्यातून निघालेली प्रत आकाराने किंचित लहान होते आणि तिचे बारकावे बोथट होतात. पण दर्जा हा येथे गौण मुद्दा आहे. नक्कल उत्तम असली, तरी प्रश्न कायम राहतो.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार शिल्प ही कलाकृती आहे आणि तिच्यावरील हक्क कलावंताच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे अबाधित राहतो. सर्व प्रती विकल्या गेल्या म्हणून तो संपुष्टात येत नाही. फ्रेंच शिल्पकार ऑगस्त रोदँ यांनी १९१६ मध्ये आपली शिल्पे आणि त्यांवरील हक्क फ्रान्सच्या सरकारला दिले. पॅरिसमधील रोदँ संग्रहालयाला पुढे अधिकृत कांस्य प्रतींच्या विक्रीतून उत्पन्न मिळत राहिले. पुन्हा प्रत काढावी की काढू नये, हा निर्णय हक्कधारकाचा असतो. नक्कल करणारा तो निर्णय परस्पर घेऊन टाकतो.

या कायद्याचा रोख मुख्यतः नक्कल बनविणारे, विकणारे आणि विक्रीसाठी आयात करणारे यांच्यावर आहे. अशा उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे तुरुंगवासाची तरतूद आहे. स्वतःच्या घरगुती वापरासाठी एखादी प्रत आणणाऱ्याकडे कायदा बऱ्याच अंशी काणाडोळा करतो. म्हणूनच घरी ठेवण्यासाठी नक्कल घ्यावी की नाही, हा प्रश्न न्यायालयापेक्षा अधिक विवेकाच्या कक्षेत येतो.

जामिनी रॉय यांचा धडा

कृत्रिम टंचाईविरुद्धची संग्राहकांची तक्रार निराधार नाही. मूर्ती प्रकाशित होताच साठा करून ती चढ्या भावाने विकणारे दलाल असतात आणि त्या नफ्यातील छदामही शिल्पकाराला मिळत नाही. ‘कला केवळ धनिकांसाठीच का?’ हा प्रश्न न्याय्य आहे. कोलकात्यातील एका थोर कलावंताने त्याला आपल्या परीने उत्तरही दिले होते.

बांकुरा जिल्ह्यातील बेलियातोड येथे १८८७ मध्ये जन्मलेले जामिनी रॉय यांनी पाश्चात्त्य शैली सोडून बंगालच्या पटचित्रांचा मार्ग धरला. एकच चित्र ते पुन्हा पुन्हा काढीत, त्यात कुटुंबीयांचाही हात लागे आणि सामान्य माणसाला परवडेल अशी त्यांची किंमत असे. एकमेव कलाकृतीचे स्तोम त्यांना मान्य नव्हते.

रॉय यांचे १९७२ मध्ये निधन झाले. पुढे त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा मिळाला, त्यांच्या निर्यातीवर बंदी आली आणि किमती वाढत गेल्या. त्याबरोबर बनावट ‘जामिनी रॉय’ चित्रांचाही सुळसुळाट झाला. ज्याने दुर्मीळता नाकारली, त्याच्याच नावाने खोटी दुर्मीळता विकली जाऊ लागली. रॉय यांच्या घरात तयार झालेली दुसरी प्रत आणि बनावट प्रत यांतील फरक कौशल्याचा नाही. पहिलीमागे कलावंताची संमती होती. दुसरीमागे केवळ त्याच्या नावाचा वापर आहे.

नाव खोटे असले की

रवींद्रनाथ टागोर यांच्या कृतींवरील कॉपीराइट २००१ च्या अखेरीस संपला. त्यांच्या चित्राची प्रत काढणे आता त्या कायद्याने गुन्हा ठरत नाही. तरीही २०११ मध्ये कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयातील प्रदर्शनात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली चित्रे वादात सापडली. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांनी ती बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. हक्काची मुदत संपते, पण नावाविषयी सत्य सांगण्याच्या कर्तव्याला मुदत नसते.

याच्या अगदी उलट उदाहरण शांतिनिकेतनचे आहे. रवींद्रनाथांचे नोबेल पदक मार्च २००४ मध्ये तेथील संग्रहालयातून चोरीस गेले. २००५ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने विश्वभारतीला पदकाच्या प्रतिकृती दिल्या. मूळ वस्तू उपलब्ध नसताना नक्कल कशी असावी, याचा हा आदर्श म्हणता येईल. तिच्यामागे हक्कधारकाची संमती आहे आणि ती प्रतिकृती आहे हे सर्वांना ठाऊक आहे.

जिवंत कारागिराचा घास

बांकुरा जिल्ह्यातील पाँचमुडा येथील भाजलेल्या मातीचा घोडा देशभर ओळखला जातो. पाँचमुडाच्या या कलेला आणि बंगालच्या डोकरा कलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा वस्तूची साच्यातील नक्कल ‘बांकुऱ्याची’ म्हणून घेतली गेली, तर तोटा थेट गावातील कुंभाराचा होतो. यंत्रमागावरील साडी येवल्याची हातमागाची पैठणी म्हणून विकली गेली की विणकराचे जे नुकसान होते, तेच येथेही होते. फरक इतकाच, की मर्यादित आवृत्तीची मूर्ती घडविणारा शिल्पकार ग्राहकाला दिसत नाही. तो दिसत नाही म्हणून त्याचे नुकसान होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही.

शिवाय नक्कल एका घरात कायम राहत नाही. संग्राहक कंटाळतो, त्याचे निधन होते किंवा त्याला पैशांची गरज भासते आणि मूर्ती पुढे जाते. पहिल्या खरेदीदाराला ती नक्कल असल्याचे ठाऊक होते. तिसऱ्या खरेदीदाराला ते कोणी सांगेलच, याची खात्री देता येत नाही. ‘मी कोणाला फसविले नाही’ असे म्हणणाऱ्याने फसवणुकीची सामग्री तेवढी बाजारात सोडलेली असते.

त्यामुळे खरेदीदाराने स्वतःला तीन प्रश्न विचारणे योग्य ठरेल. ही प्रत काढण्यास निर्मात्याची संमती आहे काय? आपण नक्कल असल्याचे ती वस्तू स्वतः सांगते काय? आणि आपल्या पैशामुळे कोणा कारागिराच्या वाट्याचा मोबदला दुसऱ्याच्या खिशात जातो काय? मूर्ती हवीच असेल, तर अधिकृत पुनरावृत्तीची मागणी करणे, वापरलेली अस्सल प्रत शोधणे किंवा त्याच किमतीत एखाद्या हयात शिल्पकाराची मूळ कृती घेणे, हे मार्ग खुले आहेत. डोकऱ्याची लहानशी मूर्ती नामवंत नसेल, पण साचा फोडून काढलेली ती प्रत खरोखरच एकमेव असते.