सहलीत शिखरेही ओळखायला शिकवावीत

आपल्या शाळांच्या हिमालय-सहली आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. ग्वाल्हेरहून दिल्लीमार्गे काठगोदाम गाठले की पुढे कुमाऊंच आहे. पण परतलेल्या मुलांना 'कोणती शिखरे पाहिलीत?' असे विचारावे, तर उत्तर येते, 'खूप बर्फाचे डोंगर होते!' नैनितालच्या नौकाविहाराचे आणि खरेदीचे वर्णन मात्र साग्रसंगीत होते. पालकांनी एवढा खर्च करून इतकेच पदरात पडावे, हे पटत नाही.

कौसानीचेच उदाहरण घ्या. १९२९ साली गांधीजींनी 'अनासक्तियोगा'ची प्रस्तावना लिहिली ती याच गावी. येथून उत्तरेकडे पाहिले की प्रथम डोळ्यांत भरतो तो त्रिशूल, उंची ७,१२० मीटर. सर्वांत उंच हाच, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याच्या उजवीकडे, जराशी मागे दिसणारी नंदादेवी ७,८१६ मीटर, म्हणजे जवळजवळ ७०० मीटरने अधिक उंच आहे! पण त्रिशूल कौसानीपासून सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटरवर आणि नंदादेवी सुमारे ७० किलोमीटरवर, म्हणून ती ठेंगणी भासते. दहावीच्या त्रिकोणमितीला याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार? शोधायची रीतही सोपी आहे. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश झाकले जातात. त्रिशूलाच्या उजवीकडे एका मुठीहून थोडे अधिक अंतर मोजावे, तेथे नंदादेवी.

आणखी तीन मुठींवर पंचचुली. स्वर्गारोहणापूर्वी पांडवांनी शेवटचा स्वयंपाक या पाच चुलींवर केला, अशी तिकडची कथा आहे. मराठी मुलांना हे नाव समजावून सांगावे लागू नये!

मात्र मे महिन्यात हे सारे दिसेलच असे नाही. तेव्हा हवा धुरकट असते, जंगलांत वणवे पेटतात. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असते. म्हणून शाळेने सहल उन्हाळ्याच्या सुटीतून दिवाळीच्या सुटीत न्यावी. दिवाळीत मुले घरी हवीत, हे पालकांचे म्हणणे रास्त आहे. मग भाऊबीज झाल्यावर निघावे. थंडीचे म्हणाल, तर स्वेटर नाहीतरी तिकडे विकत घेतले जातातच.

दर पाच मुलांमागे एक नकाशा आणि एक होकायंत्र द्यावे. सूर्योदयाच्या वेळी अर्धा तास तरी सर्वांचे मोबाइल, शिक्षकांचेसुद्धा, पिशवीत राहू द्यावेत.