पुसट फुलीवर फुली मारणारे तुम्ही कोण?



सार्वमत म्हणजे जनतेला विचारलेला सरळ सवाल. जनता त्याचा जबाब कागदावरच्या एका खुणेनं देते. पण ती खूण पुसट आली, चौकटीबाहेर गेली, तर? मोजणीच्या टेबलावरचा बाबू म्हणतो, "बाद!" आम्ही विचारतो, माणसाचा जबाब एका शब्दात पुसून टाकायचा हक्क याला दिला कोणी?

हा बाबू आमच्या ओळखीचा आहे. आमच्या गिरणीत तो कापड तपासायला बसायचा. मर्जीतल्या साचेवाल्याचा तागा डोळे मिटून पास. आणि युनियनची वर्गणी गोळा करणाऱ्याच्या ताग्यात एक तार तुटलेली दिसली की दंड! डाग तोच, कापड तेच, फक्त साच्यावरचा माणूस वेगळा. मतमोजणीच्या टेबलावर असला बाबू बसला तर काय होईल?

कॅनडातला क्युबेक प्रांत बघा. तिथले बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. देशापासून वेगळं व्हायचं का, यावर ३० ऑक्टोबर १९९५ रोजी तिथं सार्वमत झालं. 'नाही'वाले जिंकले, अवघ्या ५४,२८८ मतांनी. आणि बाद मतं किती? सुमारे ८६ हजार! शोमदे मतदारसंघात 'नाही'चा जोर होता. तिथं शंभरातली अकराहून जास्त मतं बाद! रेघ जाड झाली, फुली तिरपी गेली म्हणून मतं फेकल्याच्या तक्रारी झाल्या. खटले उभे राहिले, कारस्थान शाबीत झालं नाही, आरोपी सुटले. ठीक आहे. पण फेकलेल्या मताचं काय?

आम्ही भाषेच्या राज्यासाठी लढणाऱ्यांचे वारस. आपल्या भाषेवर जीव टाकणाऱ्या फ्रेंच माणसाबद्दल आम्हाला आपुलकी वाटणारच. तरीही छातीवर हात ठेवून सांगतो, विरोधकाचं मत गिळून मिळालेलं राज्य आम्हाला नको!

आता घरचा हिशेब. १६ जानेवारी १९६७ च्या गोव्याच्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याची बाजू ३४,०२१ मतांनी हरली. बाद मतं होती ७,२७२. ती सगळीच्या सगळी आपल्या बाजूला धरली, तरी निकाल फिरत नव्हता. हे आम्हाला गोड नाही, पण हिशेब खरा आहे आणि तो आम्ही मानतो. त्या कौलात एक शहाणपणही होतं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. निरक्षर म्हातारीलाही कळावं, खूण कुठं करायची ते.

उलट ऑस्ट्रेलिया बघा. तिथल्या मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं मंडळ घटनेत घालावं का, यावर १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झालं. कागदावर चौकट एकच. तिच्यात 'होय' किंवा 'नाही' लिहायचं. कोणी बरोबरची खूण केली तर 'होय' धरायचं. पण नुसती फुली मारली तर 'नाही' धरायचं नाही, मत बाद! निवडणूक आयोग म्हणाला, फुलीचे अर्थ दोन होतात. कोर्टानंही आयोगाचंच म्हणणं उचललं. 'नाही'वाले मोठ्या फरकानं जिंकले, म्हणून हा वाद विरला. फुलीला दोन अर्थ आहेत, हे खरंच. शाळेत मास्तरांची फुली म्हणजे चूक, आणि आपल्याकडे मतपत्रिकेवरची फुली म्हणजे पसंती. पण हे ठाऊक असून एकच चौकट छापलीत कशाला? घोळ तुमच्या कागदाचा, दंड मतदाराला?

आपल्या देशाच्या १९६१ च्या निवडणूक नियमांत शहाणी गोष्ट लिहिली आहे. मतदाराचा इरादा स्पष्ट दिसत असेल, तर केवळ खूण अस्पष्ट आहे किंवा दोनदा उठली आहे, एवढ्यावर मत बाद करू नये. हाच खरा न्याय. हात थरथरतो, मत थरथरत नाही!

म्हणून आमच्या मागण्या चार. सार्वमत कुठलंही असो, दोन बाजूंना दोन चौकटी आणि दोन चित्रं द्या. कुठली खूण चालेल, ते मतदानाआधी गावोगाव सांगा. संशयाचा कागद दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर धरा आणि दोघांना एकच माप लावा. आणि किती मतं बाद केली, का केली, ते निकालासोबत जाहीर करा.

गड्यांनो, ज्या दिवशी मोजणीच्या टेबलाशी आपला माणूस म्हणून उभे राहाल, त्या दिवशी समोरच्याच्या पुसट फुलीसाठीही भांडा. तेव्हाच आपली पुसट फुली मोजा, असं सांगायचं तोंड आपल्याला राहील.

खूण वाकडी असेल, मत सरळ आहे!
एकच माप, दोन्ही बाजूंना!