शिंपल्याच्या अंकुराला वाली कोण?

समुद्र आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून दूर आहे. तरीही १९७०च्या दशकात येथील मराठवाडा विद्यापीठात डॉ. आर. नागभूषणम् यांनी रत्नागिरीच्या शिंपल्यांच्या प्रजननाचा अभ्यास केला. त्या वारशाच्या आधारे आम्ही एक प्रश्न विचारतो.

कारखान्यांच्या सांडपाण्याची आपल्याकडील जैविक कसोटी माशांवर घेतली जाते. ९६ तासांनंतर शंभरांपैकी ९० मासे जगले, की पाणी निर्दोष! परंतु शिंपल्याचे जीवन उघड्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म भ्रूणापासून सुरू होते आणि पहिल्या दोन दिवसांतच त्याचे कवच घडते. सांडपाण्यातील तांब्याची मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी तांब्याने कालवांच्या भ्रूणांचे कवच विकृत होते. समुद्रात विष विरळ होते, हे खरे; पण खाडीत तेच पाणी भरतीबरोबर परतते.

थोरांची प्रकृती पाहून बालकांना निरोगी ठरविणारा वैद्य कोणास मान्य होईल? खाडीत तिसऱ्या वेचून संसार चालविणाऱ्या कोकणातील भगिनींचे उद्याचे अन्न या अंकुरातच आहे. शासनाने माशाच्या कसोटीस भ्रूणाच्या कसोटीची जोड द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.