लहान उमेदवारांना दार बंद नको

रायगड लोकसभा मतदारसंघात २०१४ साली अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांच्यावर अवघ्या २,११० मतांनी मात केली. तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला तेव्हा ९,८४९ मते पडली होती. अपक्षांच्या गर्दीवर तेव्हापासून बोट ठेवले जाते, पण गर्दी आणि फसवणूक यांत फरक केला पाहिजे. नामसाधर्म्यावरून उमेदवारी रोखण्याबाबतची याचिका ऐकण्यास सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये नकार दिला, हे योग्यच झाले. निवडणूक लढवण्याचा हक्क नावावरून हिरावता येत नाही.

अनामत वाढवणे हाही उपाय नव्हे. आज ती २५ हजार रुपये आहे आणि एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास जप्त होते. ती आणखी वाढली, तर पेणच्या खारेपाटातील पाणीटंचाई किंवा रोह्याच्या कुंडलिकेचे प्रदूषण घेऊन उभा राहणारा साधा माणूसच बाहेर फेकला जाईल. पैशाच्या जोरावर उभा केलेला उमेदवार मात्र राहील.

मतदानयंत्रावर २०१५ पासून उमेदवाराचे छायाचित्र असते. गावोगावी, वाडीवस्तीवर या छायाचित्राची माहिती पोहोचवा. जागा हुकमी असो वा चुरशीची, मतदाराने नावासोबत चेहरा आणि चिन्ह पाहूनच बटण दाबावे.